अच्छाडच्या सामन्यातली तिसरी जज

"अदिती, सगळं कर, पण त्याला जिंकवू नकोस."

दक्षा मला हे चिकू पुसता पुसता म्हणाली. तिच्या हातात ओलं फडकं होतं, माझ्या कडेवर सव्वा वर्षाची श्रुतिका होती आणि माझ्या डोक्यात हवा होती. म्हणून मी म्हणाले, "दक्षा, जज कोणाला जिंकवत नसतो. जज फक्त बघतो."

वाक्य इतकं छान जमलं की परतीच्या बसमध्ये मी ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. घरी आल्यावर शैलेशनाही ऐकवलं. ते म्हणाले, "हं. दूध उतू जातंय."

फक्त बघणाऱ्या बाईचं दूध उतू गेलं, यावरूनच मला काही कळायला हवं होतं. पण कळलं असतं तर मग मी जज कसली!

दक्षा आणि मी डहाणूच्या कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलो. तिचं माहेर डहाणूतलं, गुजराती. घरात गुजराती, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. बी.ए. झाल्यावर तिने उमेशशी लग्न केलं. तो तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातला. तेव्हा फौजेत होता आणि आपल्या पलटणीचा बॉक्सर होता. पुढे फौज सुटली, बॉक्सिंग सुटलं नाही. हायवेवर अच्छाडच्या चेकनाक्याजवळ दोघांनी चिकूची टपरी टाकली. तो वाड्यांमधून माल आणायचा, ती विकायची, आणि मधूनच कधीतरी तो दमणला, वापीला नाहीतर सुरतेला जाऊन मारामारी करून यायचा. मारामारी हा माझा शब्द. तो म्हणायचा, "प्रोफेशनल."

प्रोफेशनल म्हणजे काय, हे त्याने मला समजावून सांगितलं होतं. "अदितीताई, हौशी पोरं डोक्याला जाड टोपी घालून खेळतात. आम्ही घालत नाही."

म्हणजे ज्यांना पैसे मिळत नाहीत त्यांचं डोकं झाकायचं, आणि ज्यांना मिळतात त्यांचं उघडं ठेवायचं. मी पडले मे महिन्यातसुद्धा मुलीला टोपडं बांधणारी बाई. मला ते काही केल्या पटेना.

उमेशची आणखी एक गंमत होती. तो कधी हरायचाच नाही. म्हणजे निकाल त्याच्या विरुद्ध लागायचा, पण तो हरायचा नाही. सुरतेला निकाल विरुद्ध गेला, तर "तिथले जज त्यांचेच होते." वापीला गेला, तर "एक जज विडी पेटवत होता, त्याने तिसरा राउंड पाहिलाच नाही." दमणला गेला, तर "तिथे तर ताई, जज जागाच नव्हता." डोळा सुजलेला, ओठ फाटलेला, आणि माणूस मला जजांची प्रकरणं रंगवून सांगतोय. मी पोट धरून हसायचे. दक्षा हसायची नाही.

कारण दक्षाला दुसरंच काही दिसत होतं. टपरीवर बसल्या बसल्या उमेशला डाव्या कानात समुद्र ऐकू यायचा. अच्छाडहून समुद्र कुठल्या कुठे! एकदा तो बारकीला, म्हणजे त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला, बालवाडीतून आणायला गेला आणि एकटाच परत आला. दक्षाने विचारलं, "बारकी कुठाय?" तर म्हणाला, "कुठे गेली?" दक्षा हे मला हसत हसत सांगायला लागली आणि मध्येच तिचं हसणं थांबलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोक्याला आता मार बसू देऊ नका. उमेशचं म्हणणं, डॉक्टरला बॉक्सिंगमधलं काय कळतं?

शेवटी नवराबायकोत करार झाला. बारकीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शब्द दिला, की एकदा, फक्त एकदा खरोखर हरलो की ग्लोव्ह खुंटीला टांगीन. दक्षाने विचारलं, "खरोखर म्हणजे?" तो म्हणाला, "जज खरा असेल तर." आणि खरा जज कोण, यावर दोघांनी न भांडता जे एकच नाव काढलं, ते माझं होतं.

तोवर मी त्याच्या पुढच्या सामन्याची जज ठरले होते. कशी, हे सांगायला हवं. त्या वर्षी आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये केबल आली होती. श्रुतिकाचं पोट सारखं दुखायचं. खांद्यावर टाकून येरझाऱ्या घातल्या तरच तिचा डोळा लागायचा. माझ्या येरझाऱ्यांच्या वेळेला, भर दुपारी, खेळांच्या चॅनेलवर परदेशातले बॉक्सिंगचे सामने लागायचे. सांगणारा बिचारा सगळं फोड करून सांगायचा. राउंड जिंकेल त्याला दहा, हरेल त्याला नऊ, खाली पडला तर आठ. जज तीन, तिघांनी आपापलं वेगळं लिहायचं. मी मुलीच्या पाठीवर थोपटत मनातल्या मनात गुण द्यायचे, आणि शेवटी खऱ्या जजांचे गुण जाहीर झाले की टीव्हीशी भांडायचे. "आंधळे आहेत का मेले?" असं मी म्हणायचे. मी!

अशाच एका दुपारी परेशभाई चहाला आले होते. परेशभाईंचे ट्रक होते आणि अच्छाडला ढाबा होता. शैलेश डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात, त्यामुळे कामानिमित्त त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं असायचं. टीव्हीवर निकाल लागला. ज्याने सामनाभर मार खाल्ला त्याचाच हात वर केला गेला. मी उसळले. कुठल्या राउंडला काय झालं, कोण कसा चुकला, तिघांपैकी कोणत्या जजला घरी पाठवायला हवं, सगळं मी एका दमात बोलून दाखवलं. परेशभाईंचा चहा निवला.

"बेन, तमे तो जोरदार छो!" ते म्हणाले. मग मराठीवर आले. "जानेवारीमध्ये ढाब्याला पाच वर्षं होतात. मी बॉक्सिंगचा प्रोग्राम ठेवलाय. आपला उमेश आणि सिल्वासाचा तो रघुनाथ. दोन जज मिळाले. एक आपले अण्णा, आणि एक दमणचे पी.टी. मास्तर. तिसऱ्या तुम्ही या."

"मी? अहो, मी बाईमाणूस."

"म्हणून तर! लेडीज बसली असेल तर पब्लिक खुर्च्या फेकणार नाही."

तर माझी निवड झाली ती खुर्च्यांसाठी. ही बाजू मी सासरी किंवा माहेरी कोणालाच कळवली नाही. कळवलं ते एवढंच, की अच्छाडला एक प्रोफेशनल सामना आहे आणि मला तिथे पंच म्हणून बोलावलंय. आईचं उत्तर आलं, "थंडीची बाळाला नेऊ नकोस."

बाळाला नेलं. घरी कोणाकडे ठेवणार? सामन्याच्या दिवशी मी जी पिशवी भरली तिच्यात उकळलेलं पाणी, मऊ भाताचा डबा, दोन झबली, सर्दीचा बाम, जायफळ आणि शिसपेन्सिल एवढं होतं. शिसपेन्सिल जजसाठी, बाकी सगळं श्रुतिकासाठी. शैलेश म्हणाले, "तू न्याय द्यायला चालली आहेस की बाळंतपणाला?"

परेशभाईंनी ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत रिंगण उभारलं होतं. चार कोपऱ्यांना बांबू, भोवती ट्रकवर माल बांधायचे नाडे, खाली फळ्या, फळ्यांवर मांडववाल्याच्या गाद्या आणि गाद्यांवर ताणून बसवलेली ताडपत्री. शाळेची घंटा मागून आणली होती. नाक्यावर गाड्यांची रांग लागलेली, त्यामुळे पब्लिकला तोटा नव्हता. ड्रायव्हर, क्लीनर, आजूबाजूच्या गावांतली माणसं, आणि सिल्वासाहून टेम्पो भरून आलेले रघुनाथचे कारखान्यातले सोबती. ते त्याला रघ्या म्हणत होते आणि तो नुसता मान हलवत होता. मान म्हणजे काय, डोकं आणि खांदे यांच्यामध्ये ती कुठे असते ते शोधावं लागत होतं. वय असेल बावीस-तेवीस. उमेश पस्तिशीला टेकलेला.

रिंगणाच्या तीन बाजूंना आम्ही तीन जज. माझ्या समोरच्या बाजूला अण्णा. निवृत्त ड्रिल मास्तर, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगाचा चष्मा. त्यांना पाहून मला खरंच काळजी वाटली, की या म्हाताऱ्या माणसाला कितीसं दिसणार! चौथ्या बाजूला व्हिडिओवाला चिमण. आशागडचा. लग्नांची शूटिंग करायचा. परेशभाईंनी त्यालाच दिवसभरासाठी बोलावलं होतं.

सहा राउंड होते. मी काय पाहिलं ते सांगते, कारण मी खोटं काहीच लिहिलं नाही. मला दिसला तो उमेशचा डावा हात. पुढे जायचा, लागायचा, परत यायचा. टक, टक. पाय तर असे हलत होते की ताडपत्रीला कळू नये. रघ्या बैलासारखा खाली मान घालून पुढे यायचा आणि उमेश बाजूला सरकायचा. इतकं सुबक, इतकं नेमकं, की मला कौतुकाने भरून आलं. फक्त एक गोष्ट चमत्कारिक वाटत होती. उमेशचा डावा, उमेशचा डावा, मग एकदम धप्प असा आवाज, आणि उमेश जरा वेगळ्याच जागी उभा. मधलं काही नाही. पब्लिक "ओय होय!" करून ओरडायची आणि मला वाटायचं, लोकांना काहीही आवडतं.

राउंड संपला की मी उमेशला दहा लिहीत होते. एक राउंड रघ्याला दिला, कारण न्यायी दिसायला हवं.

शेवटची घंटा झाली. परेशभाईंनी आमचे कागद गोळा केले आणि माइक हातात घेतला. अण्णांच्या कागदावर रघुनाथ. दमणच्या मास्तरांच्या कागदावर उमेश, पण जेमतेम. आणि तिसऱ्या जज, सौ. अदितीबेन, यांच्या कागदावर उमेश. सहापैकी पाच राउंड.

 मग सिल्वासाच्या टेम्पोकडून एक खुर्ची आली. लेडीज बसलेली असताना आली. प्लॅस्टिकची होती, एवढाच काय तो मान राखला होता.

"मॅडम, चश्मा बनवा लो!" एक ड्रायव्हर ओरडला.

"अरे, चष्मा कशाला? बाई उमेशच्या घरचीच आहे!"

"बाईला चहा कोणी पाजला रे? दक्षाबेनने?"

मी शिसपेन्सिल छातीशी धरून उभी. श्रुतिका शैलेशच्या खांद्यावर भोकाड पसरून रडत होती, आणि मला पहिला विचार काय आला, तर तिच्या कानांना वारा लागतोय. अण्णा हळूहळू माझ्यापाशी आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पोरी, आपण दोघांनी एकच सामना पाहिला ना?"

"अण्णा, ज्याला जसं दिसलं तसं त्याने लिहायचं," मी म्हणाले.

"ते खरं," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, माझंच ऑपरेशन बिघडलं."

तिकडे रिंगणात उमेशचा हात वर होता. डावा डोळा पूर्ण मिटलेला, उरलेल्या डोळ्याने तो माझ्याकडे बघून हसत होता. इतका वेळ मागे बसलेली दक्षा बारकीला घेऊन नाड्यापाशी आली होती. टाळ्या वाजवत नव्हती. मी जवळ गेले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तू सगळं पाहिलंस?"

"सगळं," मी म्हणाले. अगदी छातीवर हात ठेवून म्हणाले.

आठवड्याने परेशभाईंचा निरोप आला. रघुनाथच्या लोकांनी तक्रार केली होती. जजला फितवलं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सगळ्यांसमोर कॅसेट बघू आणि विषय संपवू. मी म्हणाले, अवश्य. शैलेशना म्हणाले, तुम्हीही चला, तुम्हालाही कळेल. निळी काठाची साडी नेसले. खरं कोण ते सिद्ध व्हायचं होतं, जरा बरं दिसायला हवं.

ढाब्यावरच्या खोलीत टीव्ही, व्ही.सी.आर., परेशभाई, अण्णा, रघुनाथचे दोन सोबती, उमेश आणि दक्षा. चिमणने कॅसेट लावली. सुरुवातीला सनई. त्याच्याकडे दुसरं संगीतच नव्हतं. मग गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि त्यातून रिंगण बाहेर आलं.

आता चिमणचं काम समजून घ्या. त्याचा हात लग्नांवर बसलेला. लग्नात भटजी मंत्र म्हणतात तिकडे कॅमेरा कोण धरतो? कॅमेरा जातो नवरीच्या आईकडे, करवल्यांकडे, जिथे कोणाचे डोळे भरून येतायत तिकडे. इथे सगळ्या रिंगणाभोवती पुढच्या रांगेत बाई एकच होती. दोन घाम गाळणारे पुरुष दाखवून दाखवून तो कंटाळला की कॅमेरा वळायचा आणि थेट माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबायचा. आणि तो सराईत होता. काहीतरी जोराचं होणार असं दिसलं की त्याला बरोबर कळायचं, की आता बाईचा चेहरा बघण्यासारखा होणार.

बदामाच्या चौकटीत मी. मान उंच, पेन्सिल सज्ज, डोळे टक्क उघडे. बाहेरून आवाज, धप्प. बदामाच्या चौकटीतल्या बाईने डोळे गच्च मिटलेले. खांदे कानांपर्यंत. ओठ आत ओढलेले. सावकाश एक डोळा उघडतो, मग दुसरा. मग बाई पेन्सिल पुढे करून गंभीरपणे काहीतरी लिहिते.

पहिल्यांदा अण्णा खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्यांदा परेशभाई खाकरले. तिसऱ्या वेळी चौकट बदामाऐवजी चांदणीची होती आणि रघुनाथच्या सोबत्यांपैकी एकाला हसू फुटलं. त्यानंतर तर धप्प झालं की सगळी खोली माझे डोळे मिटायची वाटच बघत होती, आणि मी एकदाही त्यांना निराश केलं नाही. जिथे चिमणने चुकून रिंगण धरलं होतं, तिथे रघ्याचा उजवा हात उमेशच्या डाव्या कानावर बसताना दिसला. उमेशचं डोकं असं फिरलं, जसं कोणी दार ढकलल्यावर फिरावं. मी तो ठोसा आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. टीव्हीवर पाहिला आणि तिथेही डोळे मिटले.

"ही तर दरवेळी मिटतेय," अण्णा शांतपणे म्हणाले.

"लस टोचतानाही असंच करते," शैलेश म्हणाले. त्यांना वाटलं, बायकोची बाजू घेतोय. "श्रुतिकाला सुई टोचली की हिचे डोळे बंद. मग नर्सला विचारते, टोचली का?"

हसता हसता रघुनाथच्या एका सोबत्याने डोळे पुसले. "जाऊ द्या परेशभाई," तो म्हणाला. "फितवलं वगैरे काही नाही. बाई साधी आहे."

भ्रष्टाचाराच्या आरोपातून माझी सुटका झाली ती अशी. दुपारच्या त्या येरझाऱ्यांमध्ये मी टीव्हीवरच्या सामन्यांचे किती ठोसे पाहिले असतील, देव जाणे. ज्या जजांना मी आंधळे म्हणत होते त्यांनी निदान डोळे उघडे ठेवले असतील.

हसणं थांबल्यावर मला कळलं की दक्षा खोलीत नाही. ती बाहेर बाकड्यावर बसली होती. मी शेजारी बसले.

"मी निकाल बदलायला सांगते," मी म्हणाले. "आत्ता जाऊन सांगते. मी चुकले, रघुनाथ जिंकला, उमेशभाऊ हरले. सगळ्यांनी कॅसेट पाहिलीय."

"जा ने," ती म्हणाली. "सांग."

मी आत जाऊन सांगितलं. परेशभाईंनी भिंतीवरचं हँडबिल दाखवलं. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, पंचांचा निर्णय अंतिम राहील. शिवाय त्यांचे डोळे चमकत होते. "बेन, असं करायचं नसतं. लफडं झालंय, चांगलं आहे! आता सिल्वासाला रीमॅच ठेवू. डबल पब्लिक!"

मग मी उमेशकडे वळले. तो खुर्चीत मागे रेलून बसला होता. डोळ्याची सूज उतरली होती, हिरवट डाग राहिला होता.

"उमेशभाऊ, तुम्ही हरलात."

"असं कसं? तुम्हीच तर जिंकवलंत."

"मी पाहिलंच नाही! तुम्ही आता बघितलंत ना? ज्या ज्या वेळी तुम्हाला लागलं, त्या त्या वेळी मी डोळे मिटले. मला तुमचा मार दिसलाच नाही, मग मी गुण कसले दिले?"

तो हसला. प्रेमाने हसला, तेच वाईट. "बघवलं नाही ना तुम्हाला? होतं असं. पण ताई, नियम म्हणजे नियम. निकाल रिंगणात लागतो. घरी येऊन, चहा पिऊन, कॅसेट बघून निकाल बदलायला लागलो, तर मी सुरतेचा, वापीचा, दमणचा, सगळेच बदलून घेतो की."

बी.ए., इतिहास, दुसरा वर्ग. एवढ्या शिदोरीवर मी शेवटचा मुद्दा काढला.

"मी खरी जज असेन तर माझं आत्ताचंही ऐका," मी म्हणाले.

"आत्ता तुम्ही दक्षाची मैत्रीण म्हणून बोलताय. तेव्हा जज म्हणून बोललात." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "ताई, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्या जज आहात ज्यांनी मला ओळखलं."

बाहेर आले तेव्हा दक्षाने विचारलंही नाही काय झालं ते. माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार. चिमण कॅमेरा घेऊन बाहेर असता तर त्याने चौकटीत घेतलं असतं.

"मी तुला नीट बघ असं सांगितलं नव्हतं, अदिती," ती म्हणाली. "जिंकवू नकोस, असं सांगितलं होतं. तू त्याला आंधळेपणाने हरवलं असतंस तरी चाललं असतं मला."

"दक्षा, मी मुद्दाम..."

"मुद्दाम केलं असतंस तर मी भांडले तरी असते. सुरतेच्या त्या जजला निदान काही मिळालं असेल. तुला काय मिळालं?"

ती उठून टपरीवर गेली. गिऱ्हाईक आलं होतं.

त्यानंतर मी जे जे केलं त्याने प्रकरण आणखी बिघडलं, असं आता वाटतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परेशभाईंकडे गेले. त्यांनी ती डोळ्याला लावून परत दिली. अण्णांना मध्ये घातलं. अण्णा उमेशशी तासभर बोलले आणि पाय कसे ठेवावेत यावर दोघांचं एकमत होऊन परत आले. शैलेश म्हणाले, "आता तू काही करू नकोस, तेच बरं." मी त्यांच्यावर चिडले, पण मनात म्हटलं, हा राउंड यांचा.

सिल्वासाचा सामना फेब्रुवारीत झाला. मला कोणी बोलावलं नाही. ऐकलं ते असं, की उमेश दोनदा खाली पडला, दोन्ही वेळा उठला आणि तिसऱ्यांदा पडला तेव्हा शेवटची घंटा झाली. तिन्ही जजांनी रघुनाथला दिलं. मी अच्छाडला गेले तेव्हा तो टपरीच्या मागे बाजेवर पडला होता. बारकी त्याच्या पायाशी बसून त्याच्या पायाची बोटं ओढत होती आणि तो तिला ओढू देत होता.

"उमेशभाऊ, आता तरी?" मी म्हणाले.

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. नाव आठवत असावा. मग ओळख पटली आणि तोंड उजळलं. "अदितीताई! काय सांगू तुम्हाला. तिथले जज त्यांचेच होते हो. तुम्ही पाहिजे होतात."

दक्षाने मला चहा दिला. साखर घातली नव्हती. विसरली की नाही, ते मी विचारलं नाही. प्यायले.

मे महिन्यात शैलेशची नंदुरबारला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी अच्छाडला जाऊन आले, टपरीवर फळी लावलेली होती. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, गेले असतील गावाला, येतील. इथे आल्यावर मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. दक्षा मूळचीच आळशी आहे, कॉलेजात माझ्या वह्या उतरवायची, असं मी स्वतःला सांगते. एकदा परेशभाईंच्या ढाब्यावर फोन लावला. कोणीतरी उचलून म्हणालं, "कोण, उमेश? हां, हां, छे ने, आहे ना." मागे ट्रकचा हॉर्न वाजला आणि फोन कटला. आहे, एवढंच कळलं. कसा आहे, ते कळलं नाही. श्रुतिका आता धावते. ती पायरीकडे धावली की मी अजूनही आधी डोळे मिटते आणि मग ओरडते, त्यामुळे स्वतःच्या नजरेवर मी काही सोपवत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कधी मुंबईहून गुजरातकडे निघालात तर तलासरी मागे पडल्यावर, नाक्याच्या जरा आधी, डाव्या हाताला चिकूच्या टपऱ्या लागतात. ज्या टपरीवर उंचशी, तुटक बोलणारी बाई असेल तिथे थांबा. सामन्याचं काही विचारू नका. विचारलंत तर उमेश जिंकल्याचं सांगेल आणि तुम्हालाही ते खरं वाटेल. फक्त दोन डझन चिकू मागा. एक डझन आज खायला, एक डझन परवासाठी. ती निवडायला लागली तर म्हणा, बाई, त्यांना निवडू द्या. पिकलेला आणि पिकायचा चिकू वरून सारखाच दिसतो, अंगठ्याने देठापाशी हलकंच दाबून ओळखावा लागतो. उमेश तो गप्पा मारता मारता ओळखायचा, खाली न बघता. घरी पोचल्यावर पाहा, आजचे आज मऊ निघाले का आणि परवाचे परवापर्यंत थांबले का. निघाले असोत की नसोत, मला एक कार्ड टाका. पार्सल ऑफिस, नंदुरबार, एवढा पत्ता पुरतो.